‘गप रव’ म्हणणाऱ्यांना

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला, माथ्यावरून लढाऊ विमानं गेली, आणि मालवण तालुक्यातल्या कितीतरी पोरांनी आपण पायलट होणार असं घरी जाहीर करून टाकलं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्येच सुरू झाला होता, त्यामुळे विमानाचं अप्रूप थोडं जवळ आलेलं होतंच. पोरांनी खुशाल स्वप्नं पाहावीत. माझा राग आहे तो त्यानंतर घराघरांत सुरू झालेल्या मोठ्यांच्या सल्ल्यांवर, आणि त्यातही एका सल्ल्यावर.

लहानपणी आंब्यावरून, काजीवरून, विहिरीच्या कठड्यावरून नाहीतर चिऱ्याच्या पायऱ्यांवरून डोक्यावर पडलेला मुलगा ज्या घरात आहे (आणि आमच्याकडे असं घर शोधायला फार चालावं लागत नाही), त्या घरात लगेच दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, “डोक्याक लागलेलो पोरगो, तेका इमान कोण देतलो?” विषय संपला, आयटीआयचा फॉर्म आणा. दुसरा पक्ष स्वतःला व्यवहारी समजतो. त्यात एखादे मुंबईचे काका असतात, भरतीपूर्व अकादमीत शिकवणारे एखादे सर असतात, कधी फौजेतून निवृत्त झालेला एखादा शेजारीही असतो. त्यांचं म्हणणं एवढंच : “खुळो काय रे? विचारल्यानी तर नाय म्हणान सांग. गप रव.”

पहिल्या पक्षाचं अज्ञान निदान उघड आहे. दुसऱ्याचं अज्ञान शहाणपणाचा सदरा घालून फिरतं, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो. त्यांची बाजू मी त्यांच्यापेक्षा नीट मांडतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. ते म्हणतात : मार लागला तेव्हा पोर सहा-सात वर्षांचं होतं. आज ते धावतं, पोहतं, बारावीला गणितात चांगले गुण मिळवतं. हवाई दलाचं वैद्यकीय मंडळ उमेदवारांना गाळायला बसलेलं असतं आणि त्यांना एक निमित्त पुरतं. खरं बोलणारा घरी येतो, खोटं बोलणारा खडकवासल्याला एनडीएत जातो. सगळेच लपवतात. आणि दहा वर्षांपूर्वीचं कोण शोधणार?

ऐकायला पटतं. यातलं एक तरी वाक्य नियम वाचून बोललेलं आहे का?

नियम कुठल्या तिजोरीत ठेवलेला नाही. एनडीएच्या परीक्षेची यूपीएससीची जी जाहिरात निघते, तिच्याच परिशिष्टात हवाई दलाची वैद्यकीय मानकं छापलेली असतात. कानातला मळ काढून या, दातांचं काम करून घ्या, असल्या सूचना आमच्या अकादम्या पोरांकडून पाठ करून घेतात. मज्जासंस्थेचा भाग मात्र कुणी वाचलेला नसतो. त्यात डोक्याच्या माराबद्दल काय आहे? गंभीर मार किंवा मेंदूला बसलेला जबर हादरा हे नाकारण्याचं कारण आहे, हे खरं. पण त्याला लागूनच, गांभीर्य कशावरून ठरवायचं तेही सांगितलं आहे : मार लागल्यानंतर मुलाची स्मृती किती वेळ हरवली होती यावरून. पुढे म्हटलं आहे की कवटीचं हाड मोडलं म्हणून उमेदवार बाद व्हायलाच हवा असं नाही, मात्र आत मेंदूला इजा झालेली नसावी आणि हाडात कायमची उणीव राहिलेली नसावी. मार गंभीर असेल किंवा त्या वेळी आकडी आली असेल, तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काढतात आणि तो निर्दोष यावा लागतो. शस्त्रक्रियेत कवटीला भोक पाडलेलं असेल, ज्याला डॉक्टर बर होल म्हणतात, तर उड्डाणाच्या कामासाठी उमेदवार अपात्र ठरतो, पण जमिनीवरच्या शाखांसाठी ठरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी येतं : प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणावगुणांवर पाहायचं आणि स्वीकारण्याआधी न्यूरोसर्जन व मानसोपचारतज्ज्ञ यांचं मत घ्यायचंच.

ज्या नियमात दोन तज्ज्ञांचं मत सक्तीचं केलं आहे, तो नियम ‘लागलं का? मग घरी जा’ असं म्हणतो हे कुणी ठरवलं? हाड मोडलेल्यालाही दार उघडं ठेवणाऱ्या मंडळाला ‘गाळायला बसलेलं’ म्हणायचं ते कशाच्या आधारावर? आयटीआयचा फॉर्म आणायला निघालेल्या पहिल्या पक्षालाही हेच उत्तर आहे, त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद खर्ची घालत नाही.

आता हा स्मृतीचा हिशेब काय आहे ते पाहू, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे. डब्ल्यू. रिची रसेल या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने १९३२मध्ये दाखवलं की मार किती खोलवर पोहोचला हे ओळखायचं, तर मार बसल्यापासून सलग आठवणी पुन्हा सुरू होईपर्यंतचा काळ मोजावा. बेशुद्धीचा वेळ त्यात येतोच, पण काळ तिथे संपत नाही. मूल डोळे उघडतं, पाणी मागतं, चालतंदेखील, आणि तरी त्या तासांतलं त्याला पुढे काहीच आठवत नाही. दर पाच मिनिटांनी ते तोच प्रश्न विचारतं, “मी खय असंय?” हा गोंधळ दहा मिनिटं होता की दोन दिवस, यात सौम्य आणि गंभीर यांतलं अंतर आहे. आज अपघात विभागात वापरली जाणारी ग्लासगो कोमा मोजपट्टी टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४मध्ये मांडली. तीही हेच विचारते : किती? ‘लागलं का’ हा प्रश्न वैद्यकशास्त्राने केव्हाच मागे टाकला, आमच्या ओटीवर तो अजून चालू आहे.

‘किती’ला एवढं महत्त्व का, ते आकडे सांगतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरच्या परिसरात डोक्याला मार लागलेल्या ४,५४१ जणांचा वर्षानुवर्षांचा मागोवा घेऊन १९९८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या तासाहून कमी बेशुद्धी अथवा विस्मृती असलेल्या सौम्य गटात तीस वर्षांत फिट येण्याची शक्यता २.१ टक्के निघाली, मध्यम गटात ४.२, आणि दिवसभराहून जास्त शुद्ध हरपलेल्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या गंभीर गटात १६.७ टक्के. सौम्य गटाचा धोका पाच वर्षांनंतर जवळपास चारचौघांइतका झाला. म्हणजे सातव्या वर्षी काजीवरून पडून दहा मिनिटं भांबावलेला पोरगा सतराव्या वर्षी मंडळासमोर उभा राहतो तेव्हा विज्ञान बहुतांशी त्याच्या बाजूने उभं असतं. आणि ‘गप रव’वाले त्याला नेमकं तेच लपवायला सांगतात. निर्दोष माणसाला साक्ष लपवायला सांगणारा वकील तुम्ही ठेवाल का?

इथे दुसऱ्या पक्षातला एखादा हुशार माणूस उठून म्हणेल की मग दहा वर्षं झाली की सगळेच सुटले. तसं नाही. डेन्मार्कमध्ये सोळा लाखांवर मुलं आणि तरुण यांच्या नोंदी तपासून २००९मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात सौम्य मारानंतरही अपस्माराचा धोका दुपटीच्या आसपास दिसला, गंभीर मारानंतर सातपटीच्या वर, आणि दहा वर्षं उलटल्यावरही तो वाढलेलाच होता. मूळ धोकाच लहान असल्याने त्याची दुप्पट म्हणजे आभाळ कोसळलं असं नव्हे, पण सोडून द्यावी अशीही ती नाही. दोन मोठे अभ्यास दोन वेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हा निर्णय कुणी करायचा? पोराचा जुना सीटी स्कॅन, आजचा ईईजी आणि हातातली कागदपत्रं पाहून न्यूरोसर्जनने, की गणपतीला आलेल्या काकांनी?

‘आज तर पोर ठणठणीत आहे’ या दाव्याची मला सर्वांत जास्त चीड येते. ठणठणीत कुठे? जमिनीवर. फुटबॉलच्या मैदानात, तारकर्लीच्या पाण्यात, परीक्षेच्या बाकावर. ईईजी काढताना तंत्रज्ञ उमेदवाराला जोरजोरात श्वास घ्यायला लावतो आणि डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतो. हा छळ कशासाठी? कारण मेंदूत एखादी दुबळी जागा असेल तर ती अशा वेळी उघडी पडते. विमानाच्या कॉकपिटमध्ये नेमकं हेच सगळं एकत्र येतं. उंचीवर प्राणवायू कमी, भीतीने किंवा ताणाने वाढलेला श्वास, पंख्याच्या पात्यांतून लुकलुकत येणारा सूर्यप्रकाश, अपुरी झोप, आणि लढाऊ विमान वळताना शरीराच्या वजनाच्या सात-आठ पट दाब, ज्यात रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं. मैदानावर कधीच न दिसलेली गोष्ट तिथे पहिल्यांदा दिसू शकते. आणि ती दिसते तेव्हा शेजारी कोण असतं? एकआसनी विमानात कुणी नाही. हवाई दलाच्या डुंडीगलच्या अकादमीतला प्रशिक्षणार्थीदेखील थोड्याच उड्डाणांनंतर एकटा आकाशात जातो.

नागरी विमानवाहतुकीत अनेक देशांचे वैद्यकीय तज्ज्ञ एक ढोबळ निकष वापरतात : वर्षभरात पायलट अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत हवी. हा निकष दोन पायलट असलेल्या विमानासाठी आहे, एक कोसळला तर दुसरा सांभाळेल या हिशेबावर. रॉचेस्टरचे आकडे हातात धरून कुणी म्हणेल की गंभीर गटातही सुरुवातीची पाच वर्षं सरली की वार्षिक धोका एक टक्क्याच्या बराच खाली येतो. गणित बरोबर आहे. पण लढाऊ विमानात दुसरी खुर्चीच नसेल तर ते गणित कुठे बसवणार? शिवाय प्रश्न एकट्या फिटचा नाही. डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, लक्ष न टिकणं हे मारानंतरचे परिणामही मानकांत नाव घेऊन मांडले आहेत, आणि बारावीच्या गुणपत्रिकेत त्यांचा रकाना नसतो.

आमचे मच्छीमार हे जाणतात. खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीचं सुकाणू, फेफरं येतं हे माहीत असलेल्या तांडेलाच्या हाती कुणी देईल का? आणि ज्याला फेफरं येतं की नाही हेच माहीत नाही, पण त्याच्या घरच्यांनी विचारायला बंदी घातली आहे, त्याच्या हाती? बोटीवर निदान दहा माणसं धावून येतील.

आणि डोक्याचा मार म्हणजे मेंदूच, असं का धरून चालायचं? पृथ्वीभोवती फिरलेला पहिला अमेरिकी अंतराळवीर, मरीन कोअरचा लढाऊ पायलट जॉन ग्लेन, १९६४मध्ये न्हाणीघरात पडला. डोकं आपटलं, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा झाली. कक्षेत फिरून आलेल्या या माणसाला सरळ उभं राहणं कठीण झालं आणि सिनेटच्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. तो बरा झाला, १९७४मध्ये सिनेटवर निवडून आला आणि १९९८मध्ये ७७व्या वर्षी पुन्हा अंतराळात गेला. ‘गप रव’वाल्यांनी या गोष्टीचे दोन्ही भाग घ्यावेत. डोक्याला लागलं म्हणून आयुष्य संपत नाही, हा एक. कानशिलाजवळचा मार कानाचा तोल बिघडवू शकतो, आणि ढगात, क्षितिज दिसत नसताना, असा बिघडलेला कान पायलटला त्याचं विमान सरळ चाललंय असं खोटं सांगू शकतो, हा दुसरा. हे तपासायला कानाच्या डॉक्टरला आधी कळायला हवं की मार कुठे बसला होता. उमेदवार ‘काही नाही’ म्हणाला तर तो काय तपासणार?

‘कळणार कुणाला’ या युक्तिवादाबद्दल थोडक्यात. दिल्लीच्या एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंटमध्ये किंवा बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये बसलेली माणसं हेच काम करत म्हातारी झालेली असतात. डोक्यावरचा व्रण हाताला लागतो, कवटीतलं भोक तर बोटालाच कळतं. त्याआधी निवड मंडळाच्या मुलाखतीत बालपणाबद्दल इतकं खोदून विचारतात की सतरा वर्षांच्या पोराला सात वेळा एकच खोटं एकाच पद्धतीने बोलावं लागतं. आणि पकडला गेला नाही, तर? तर त्याचं खरं दुर्दैव सुरू होतं. दरवर्षी वैद्यकीय तपासणी असते, दरवर्षी तेच खोटं नव्याने सही करून द्यायचं. कधी डोकं दुखलं तर सांगायचं नाही, कारण डॉक्टर मागचा इतिहास विचारेल. कधी क्षणभर भान गेल्यासारखं वाटलं तर मुळीच सांगायचं नाही. इतर पायलट जी गोष्ट फ्लाइट सर्जनला चहाच्या कपावर सांगून मोकळे होतात, ती हा छातीत घेऊन उडतो. व्यवहारी सल्ला म्हणतात तो हाच का?

‘सगळेच लपवतात’ याला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. मापात पाप करणारा प्रत्येक दुकानदार हेच सांगतो.

पण हा सल्ला इतक्या सहज तोंडात येतो कुठून, हे पाहायला हवं. तो हवाई दलासाठी जन्माला आलेला नाही, त्याचा जन्म सोयरिकीत झाला. डोक्याला मार, त्यातून फिट, म्हणजे मुलाला स्थळ येणार नाही आणि मुलीला तर मुळीच नाही, म्हणून घराण्यातल्या चार माणसांपलीकडे बातमी जाऊ द्यायची नाही. भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. कायद्यानेच तिला खतपाणी घातलं होतं. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहातली अडचण म्हणून नोंदलेली होती आणि तो शब्द १९९९च्या दुरुस्तीने काढला गेला. कायद्यातून शब्द गेला त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, ओटीवरून अजून गेलेला नाही. २०२२पासून एनडीएत मुलीही जाऊ लागल्या. आता मुलीच्या बाबतीत दुहेरी मौन : आधी लग्नासाठी, मग फॉर्मसाठी. वरपक्षापासून लपवण्याची जी सवय हाडामांसी मुरली, तीच आपण वैद्यकीय मंडळापुढे नेली. हवाई दल सोयरीक जुळवायला बसलेलं नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

या मौनाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो मला सल्ल्याहून घातक वाटतो. मुलाची स्मृती किती वेळ हरवली होती, याची एकमेव साक्षीदार बहुतेक वेळा त्याची आई असते. सात वर्षांच्या मुलाला ते आठवणं शक्य नाही, कारण आठवत नव्हतं हाच तर मुद्दा आहे. मग दहा वर्षं घरात त्या दिवसाबद्दल काय बोललं जातं? आंगणेवाडीच्या जत्रेला भराडीदेवीपुढे नवस फेडताना “तीन दिस शुद्ध नाय होती” असं सगळ्यांना सांगितलं जातं, कारण संकट जेवढं मोठं तेवढी देवीची कृपा मोठी. पोर थकून झोपलं होतं ते बेशुद्ध होतं, एक उलटी झाली होती त्या दहा झाल्या. तोच प्रसंग फॉर्म भरायच्या दिवशी “वायच लागला होता” एवढासा होतो. देवीपुढे तीन दिवस आणि हवाई दलापुढे शून्य. यातलं खरं काय हे आता देवीलाच ठाऊक, आणि तिला मंडळापुढे साक्षीला बोलावता येत नाही. एखाद्या पोराला खरंच अर्धाच तास भोवळ आली असेल, तर त्याच्या घरच्यांनी नवसाच्या भरात त्याच्याविरुद्धच पुरावा तयार करून ठेवलेला असतो.

कागदांची कथाही तशीच. आमच्याकडे डोक्याचा गंभीर मार म्हणजे गाडी बांबोळीला. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसला पहिली मलमपट्टी, तिथून गोवा मेडिकल कॉलेज. परत येताना हातात एक डिस्चार्ज कार्ड असतं. ते पुढच्या पावसाळ्यात कुठल्या तरी ट्रंकेत बुरशी धरतं. मग सतराव्या वर्षी धावाधाव : “हॉस्पिटलात रेकॉर्ड असतलाच.” असेलच असं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्या द्यायच्या आहेत. सातव्या वर्षी पडलेल्या मुलाच्या नोंदी जपण्याची ही सक्ती दहाव्या वर्षी संपते, तो फॉर्म भरतो सतराव्या वर्षी. मधली सात वर्षं कागद जपायचं काम घरच्यांचं होतं. ते गप्प राहण्यात गुंतले होते.

इथे एका गोष्टीवर मी दुसऱ्या पक्षाशी भांडणार नाही. गरिबाघरच्या मुलाला हे अवघड जातं, हे खरं आहे. शहरातला मुलगा न्यूरोलॉजिस्टची फाईल घेऊन जातो, आचऱ्याचा मुलगा आईच्या आठवणीवर जातो. पण त्यावर उपाय म्हणून ती आठवणही गिळायला सांगायची, हे कुठलं तर्कशास्त्र? कागद नसतील तर आज नवे तयार होतात. चांगल्या न्यूरोलॉजिस्टकडून तपासणी, गरज असेल तर स्कॅन आणि ईईजी, आईचं लेखी म्हणणं, शाळेच्या हजेरीपटातले त्या महिन्यातले खाडे. अकादमीचे सर फीच्या पावतीबरोबर पहिल्या दिवशी एवढं विचारू शकत नाहीत का? मुलाखतीत बूट कसे ठेवायचे ते शिकवायला त्यांच्याकडे अख्खा तास असतो.

आणि खरं सांगून नकार मिळालाच, तर? नकार मिळू शकतो, आणि ज्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता त्याला तो मिळायलाही हवा. तो नकार लेखी असतो, कारणासह असतो. त्यावर अपील वैद्यकीय मंडळ आहे, त्याच्यावर पुनर्विलोकन मंडळ आहे. कवटीत भोक असलेल्यालाही हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखा मानकांनीच मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्या मुलाला पंखांचा बिल्ला मिळणार नाही, तो रडार चालवेल, क्षेपणास्त्रांची तुकडी सांभाळेल, विमानाचं इंजिन उघडून बसवेल. लपवून आत गेलेला आणि पकडला गेलेला मुलगा मात्र खोटी माहिती दिली म्हणून बाहेर पडतो, आणि मग त्याला या शाखांची दारंही उघडी राहत नाहीत. पायलटपण वाचवायला निघालेले काका त्याचं सैनिकपणही घालवून येतात.

म्हणून आज ज्यांच्या घरात सात-आठ वर्षांचं पोर आहे त्यांना सांगतो. पोर डोक्यावर पडलं, तर घड्याळ बघा. किती वाजता पडलं, किती वाजता तुम्हाला ओळखलं, किती वाजल्यापासूनचं त्याला पुढे सलग आठवतं, उलट्या किती, आकडी आली की नाही, हे त्याच रात्री वहीत लिहा. पाच वर्षांखालच्या पोराला तापात आकडी आली असेल तर तीही ताप किती होता यासह लिहा. मानकं त्या आकडीकडे वेगळ्या नजरेने पाहतात, पण ती तापातलीच होती हे दिसायला हवं. डिस्चार्ज कार्डावर ‘पडून मार, निरीक्षणाखाली ठेवले’ एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरांना विनंती करून बेशुद्धीचा वेळ आणि स्कॅनचा निष्कर्ष लिहून घ्या. फिल्म आणि अहवाल सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा, ते तुम्ही बुरशीपासून बरोबर वाचवता. आणि ज्यांचं पोर आज सतरा वर्षांचं आहे त्यांनी फॉर्म भरताना आईला शेजारी बसवा, डोक्याच्या माराच्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहा, साल लिहा, तास लिहा, रुग्णालय लिहा, आणि मंडळाने मागण्याआधी फाईल स्वतःहून टेबलावर ठेवा. नाही म्हणायचं असेल तर हवाई दलाला म्हणू दे, त्यांच्या निर्णयावर अपील करता येतं. स्वतःच्या सहीने दिलेल्या खोट्यावर अपील कुठल्या मंडळापुढे करणार आहात?